पोत्यांसकट मोजलेली खोली

नसरापूरच्या पुढे परवा पेंढ्याने भरलेल्या एका ट्रॅक्टरमागे अर्धा तास अडकलो. ट्रॉली इतकी फुगलेली की रस्त्याच्या दोन्ही कडा तिने अडवल्या होत्या. आमच्या चालकाने दोनदा हॉर्न वाजवला, पण मधल्या त्या पेंढ्यातून आवाज पलीकडे जातोय असं काही वाटेना. गाडीची काच खाली होती. पेंढ्याच्या दोन काड्या उडून मांडीवर आल्या आणि त्यांच्यामागोमाग तो वास आला. अर्धवट वाळलेला, जरासा गोडसर, नाकाला बारीक टोचणारा. भात काढणीचा वास. बरोबरचे सहकारी घड्याळ बघत चरफडत होते. मला मात्र त्या दिवशी कुठेही वेळेवर पोचायची घाई उरली नाही.

मी मोजणी खात्यात नोकरी करतो. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, असं साधारण कामाचं स्वरूप. पूर्वी साखळ्या असायच्या, आता यंत्रं आली आहेत. ती थेट उपग्रहाशी बोलतात, पण बांधावरच्या दोन भावांना एकमेकांशी बोलतं करणं अजून त्यांना जमलेलं नाही. सुगीच्या दिवसांत आम्ही अर्जदाराला एक गोष्ट बजावून सांगतो, उभ्या पिकात मोजणी नको. पीक काढा, बांध मोकळे करा, मग बोलवा. पिकात खुणा दिसत नाहीत, माणसं भलतीकडे उभी राहतात आणि आकडा चुकतो. वीसेक वर्षं मी हे लोकांना सांगत आलोय. तीन वर्षांपूर्वीच्या काढणीत, स्वतःच्या घरात, मी नेमकं हेच विसरलो.

त्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याच्या आत आबा, म्हणजे माझे वडील, गावी गोठ्याच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने जिना, चढ आणि चिखल यांच्यापासून लांब राहायला सांगितलं. आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला. तिथे या तिन्हींखेरीज फारसं काही नाही. म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्यांना भोरला माझ्याकडे आणून सोडलं. आबांचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. समजायला लागल्यापासून त्यांनी एकही काढणी चुकवली नव्हती.

सकाळचा चहा व्हायच्या आत ते दादाला फोन लावायचे. वरचं खाचर झालं का, खालच्यात पाणी किती आहे, इंद्रायणी आडवी पडली का, माणसं मिळाली का. दादा चिखलात उभा राहून दोन-तीन उत्तरं द्यायचा आणि होतंय सगळं म्हणून फोन ठेवायचा. मग आबा हॉलमधल्या कॉटवर बसून खिडकीतून आमच्या गल्लीकडे बघत राहायचे. ऊन वाया चाललंय, असं एकदा म्हणाले. भोरच्या गल्लीत पडणाऱ्या त्या कडक उन्हात कुणी काही वाळत घातलेलं नव्हतं, हे त्यांना बघवत नव्हतं.

आमचा हॉल म्हणजे बारा बाय चौदाची स्लॅबची खोली. गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी, एक खिडकी. समोरच्या भिंतीशी माझे दोन स्पीकर उभे असतात, कमरेएवढे उंच. हा माझा एकुलता एक शौक. माझी बायको सुनंदा शाळेत शिक्षिका आहे आणि घरी येणाऱ्यांना या स्पीकरांची ओळख ती ‘माझ्या दोन सवती’ अशी करून देते. खऱ्या सवतींची निदान धूळ पुसावी लागत नाही, हेही वर ऐकवते. आबांनी पहिल्या दिवशी त्या दोघींकडे नीट बघितलं आणि एवढ्या मोठ्या पेट्यांतून आवाज तो एवढाच कसा येतो, असं विचारलं. मी तोपर्यंत ते चालूच केले नव्हते.

त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांकडेही एक फेरी झाली. वयाचा कान आहे, उतरणीला लागलाय, वर्ष-दोन वर्षांत आणखी उतरेल, असं त्यांनी सांगितलं. कानात घालायचं यंत्र आणलं. ते शिट्टी मारायचं. आबांनी ते दोन दिवस घातलं, तिसऱ्या दिवशी डबीत ठेवलं आणि डबी उशीखाली सरकवली. डॉक्टरांकडून परत आलो त्याच संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “त्या आंबवड्याच्या भजनाची कॅसेट हाय का रं अजून तुझ्याकडं?”

मी चमकलो. हा विषय आमच्या घरात बावीस वर्षं कुणी काढला नव्हता.

आबा पखवाज वाजवायचे. नुसते वाजवायचे नाहीत, पंचक्रोशीत त्यांच्या नावाने मंडळ ओळखलं जायचं. गाणारे होते शेजारच्या वाडीचे कोंडिबा. कोंडिबांचा गळा आणि आबांचे हात, अशी जोडी. लहानपणी मी आबांना भजनाआधी तयारी करताना बघायचो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, कणकेचा गोळा थापायचा, वाजवून बघायचं, चिमूटभर काढायचा, परत वाजवायचं. त्या ओल्या कणकेमुळे धुम्याचा आवाज खोल जातो. कणीक मळून आई उंबऱ्यात उभी असायची आणि ती खायची की बडवायची असं दर वेळी विचारायची. मला त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला होता. मी चार दिवसांत पळ काढला, आणि मुलाने पळ काढला म्हणून ते कधी बोललेही नाहीत.

त्याच्या बावीस वर्षं आधी आंबवड्याला देवळापुढच्या मंडपात भजनांची स्पर्धा होती. आमच्या मंडळाची पाळी दुपारची. शेवटच्या अभंगात लय चढत गेली, चढता चढता कुठेतरी गडबड झाली आणि पहिला नंबर भोंगवलीकडच्या एका मंडळाला गेला. खाली उतरल्यावर चार माणसांत कोंडिबा म्हणाले की पखवाज पुढे पळाला. आबा म्हणाले की पखवाज जागेवर होता, गळा मागे राहिला. एवढंच बोलणं झालं. आबांनी पखवाजावर खोळ चढवली, घरी येऊन तो माळ्यावर ठेवला आणि पुन्हा काढला नाही. त्यानंतर दोघे एकाच एसटीने नसरापूरच्या बाजाराला जायचे आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. मंडळ मात्र चालू राहिलं, गावातल्या त्याच्या भजनाचा आवाज एकादशीला आमच्या घरापर्यंत येतो. त्या संध्याकाळी आबा लवकर जेवून झोपायचे.

मी त्या दिवशी माझा नवा टेपरेकॉर्डर घेऊन मंडपात पुढेच बसलो होतो. कॅसेट माझ्याकडे होती. तेव्हाच ती सगळ्यांनी ऐकलीही होती, पण त्या टेपरेकॉर्डरच्या वीतभर स्पीकरमधून धुमा मुळी ऐकूच यायचा नाही. वरचा टाळ आणि गळा तेवढा यायचा. पखवाज कुठे आहे तेच कळत नसेल तर तो पुढे होता की जागेवर, कोण सांगणार? वाद तसाच राहिला. आता आबांना तो मिटवायचा होता. कोंडिबाशी नव्हे, स्वतःशी. कान जायच्या आत मला एकदा ऐकू दे, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ते न म्हणताच कळलं.

कॅसेट चालू झाली, हेच आश्चर्य. मी ती संगणकात उतरवून घेतली आणि मोठ्या तोऱ्यात स्पीकरवर लावली. धुमा आला, पण कसा? एक ठोका पडायचा आणि खोलीभर घुमत राहायचा, तो विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडायचा, आणि दोघांचा मिळून एकच गुरगुराट. आबा पाच मिनिटं ऐकत होते. “ह्यो पखवाज न्हाई,” ते म्हणाले, “पिंपात कुणीतरी धोंडं टाकतंय.”

मी त्यांना हेडफोन लावून बघितला. दोन्ही कानांत कुणी बोटं घातल्यासारखं वाटतंय म्हणून त्यांनी तो काढून ठेवला. पखवाज मांडीला, पोटाला, जमिनीला ऐकू येतो, नुसत्या कानाला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः हेडफोनवर ते सगळं दहा वेळा ऐकलं. पण मला सम कुठली आणि ठेका कुठला ते चटकन उमगत नाही. चार दिवसांत पळ काढलेल्या माणसाने निकाल तरी काय द्यायचा!

दोष खोलीचा होता. हे मला पुस्तकी माहीत होतं, आता गरज पडली म्हणून खोलात शिरलो. स्पीकरमधून निघालेला आवाज एकदाच कानावर येत नाही. भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. खालच्या पट्टीतले काही सूर खोलीच्या लांबी-रुंदीत असे काही बसतात की ते दुप्पट होऊन घुमतात, आणि काही सूर एकमेकांना खाऊन नाहीसे होतात. यावर संगणकाचा उपाय आहे. बसायच्या जागी एक माईक उभा करायचा, स्पीकरमधून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा एक आवाज सोडायचा आणि माईकने काय ऐकलं ते संगणकाला बघू द्यायचं. खोलीने जिथे आवाज फुगवला तिथे तो आधीच उतरवून स्पीकरकडे पाठवतो. थोडक्यात, खोलीची मोजणी करायची आणि तिचं अतिक्रमण तेवढं मागे घ्यायला लावायचं. हे मला आवडलंच. बारीक कांडीसारखा एक माईक मागवला.

तो माईक यायच्या दोन दिवस आधी दादाचा टेम्पो आला. दरवर्षी काढणी झाली की आमच्या वाट्याचं भात भोरला येतं, गिरणीत कांडून घेईपर्यंत आमच्याकडे राहतं. आठ पोती. मागच्या गॅलरीत ओल असते, म्हणून ती हॉलमध्ये उजव्या स्पीकरच्या मागच्या कोपऱ्यात रचली जातात. दरवर्षी तिथेच. आबांनी कॉटवरून प्रत्येक पोतं मोजून घेतलं, दादाला एक सोडायला लावलं, मूठभर भात तळहातावर घेऊन दाताखाली एक दाणा फोडला आणि अजून दोन उन्हं पाहिजे होती असं सांगितलं. त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागलं. घरात शेताचा वास भरला होता.

मोजणी रविवारी दुपारी झाली. पंखा बंद, फ्रिज बंद, सुनंदाला कुकर लावायची बंदी. माईक आबांच्या डोक्याच्या उंचीवर, कॉटच्या शेजारी. खरं तर खोलीत माणूस नको असतो, पण आबांना हलवणार कोण? त्यांना म्हटलं, फक्त बोलू नका. स्पीकरमधून तो आवाज निघाला, आधी जमिनीतून आल्यासारखा घुमला, मग वर वर चढत शेवटी शिट्टीसारखा बारीक होऊन संपला. गल्लीतलं कुत्रं रडायला लागलं. आबांनी शहाण्यासारखं तोंड मिटून घेतलं होतं, पण त्यांचे डोळे हसत होते. नऊ ठिकाणी नऊ वेळा मोजलं. शेवटच्या वेळेला त्यांना राहवलं नाही, त्यांनी हळूच विचारलं की कुत्रं रडतंय, आपल्याकडचं कोण वारलं.

संगणकाच्या पडद्यावर एक नागमोडी रेघ आली. कुठे उंचवटे, कुठे खड्डे. वाचून मला माहीत झालं होतं की उंचवटे खरवडता येतात, खड्डे भरता येत नाहीत. खड्ड्यात कितीही आवाज ओतला तरी खोली तो गिळूनच टाकते. रात्रंदिवस माणसांच्या हद्दी बघणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. जास्त बोललेलं मागे घेता येतं, माफी मागता येते. जे बोललंच गेलं नाही ते नंतर कुठून आणणार? मी उंचवटे खरवडले आणि खड्ड्यांना हात लावला नाही.

मग कॅसेटमधला पहिला अभंग लावला. आबा पाठ सरळ करून बसले. धुमा आता एकेक करून पडत होता. ठोका पडायचा, खोल जायचा आणि तिथेच संपायचा. उजवा हात वेगळा, डावा वेगळा. आबांचा चेहरा मी इतका उजळलेला आईच्या हयातीत पाहिला असेल, त्यानंतर नाही. कणीक जरा जास्त लागली होती, असं ते म्हणाले. बावीस वर्षांपूर्वीची कणीक त्यांना ऐकू आली होती! मला इतका आनंद झाला की सुनंदाला स्वयंपाकघरातून ओढत आणून मी तो अभंग पुन्हा लावला.

शेवटच्या अभंगाला मात्र त्यांनी हात वर केला. आजच्याला बास, तो उद्या, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाठ दुखत होती. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन यायचा होता. मी दररोज कार्यालयातून आल्यावर विचारायचो आणि ते दररोज पहिला अभंग लावायला सांगायचे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच ऐकायला ते धजत नव्हते. सुनंदाने मला गप्प बसायला सांगितलं. घाई तुझ्या माईकला आहे, त्यांना नाही, असं म्हणाली.

त्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पोती गिरणीत गेली. कोपरा झाडून पुसून मोकळा झाला, तिथे परत सुनंदाची कुंडी आली. शनिवारी दुपारी आबा आपणहून म्हणाले की लाव आता. मी शेवटचा अभंग लावला. लय चढायला लागली तोच त्यांनी हात वर केला. परवाचा पखवाज हा नाही, म्हणाले. पुन्हा धोंडे पडायला लागलेत. मी सगळं तपासलं. वायरी, जोडण्या, संगणक, मोजणीची फाईल. सगळं जिथल्या तिथे होतं. मला थोडं घुमल्यासारखं वाटत होतं, पण मन ते मानेना. माझी मोजणी चुकेलच कशी?

मी स्वयंपाकघरात गेलो आणि अगदी दबक्या आवाजात सुनंदाला म्हणालो की आबांचा कान गेलाय, आता त्यांना कसंही लावलं तरी असंच ऐकू येणार. बाहेरून आवाज आला, “कान गेलाय तर ह्ये कसं ऐकू आलं म्हनायचं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. ती बाहेर आली, आबांना चहा दिला आणि मला म्हणाली, पोती गेल्यापासून माझाही आवाज या खोलीत खणखणतोय, वर्गात बोलल्यासारखा, तुला कळलं नाही? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आठ पोती भात कोपऱ्यात उभं होतं. खालचे सूर कोपऱ्यातच साठतात, आणि ती पोती ते मुकाट्याने पिऊन टाकत होती. मी पीक खोलीत असताना मोजणी केली होती. पीक निघालं आणि हद्दी बदलल्या. आमच्या कार्यालयात कुणाला हे कळलं असतं तर निवृत्तीपर्यंत चहाबरोबर मला हेच ऐकावं लागलं असतं.

आता माझ्या संगणकात दोन मोजण्या जपून ठेवलेल्या आहेत, एक पोत्यांसकट आणि एक पोत्यांविना. टेम्पो आला की एक लावतो, पोती गिरणीत गेली की दुसरी. ज्यांना हा शौक आहे असे पुण्याचे एक-दोन ओळखीचे लोक हसतात. त्यांच्या खोल्यांत ऋतू येत नाहीत. परवा त्या ट्रॅक्टरमागे उभं असताना मला याच गोष्टीचं बरं वाटत होतं की अजून आपल्या घरात वर्षाचा अमुक महिना आहे हे नुसतं बोललं तरी कळतं. पण त्या शनिवारी मला बरं वगैरे काही वाटत नव्हतं. खोली पुन्हा मोजताना मी आबांच्या नजरेला नजर देत नव्हतो. पडद्यावर रेघ उमटली आणि डाव्या टोकाला, म्हणजे खालच्या सुरांत, एक नवा उंचवटा, आबांनी सांगितला होता अगदी तसा, उभा होता. मी त्यांना म्हणालो, आबा, तुमचं बरोबर होतं, माझंच चुकलं. “व्हय,” ते म्हणाले. “लाव आता.”

चार वाजले असतील. त्यांनी पाय जमिनीवर टेकवले, उजवा तळवा मांडीवर ठेवला. अभंग संथ सुरू झाला. तळवा ठेक्यावर पडत होता. कोंडिबांचा गळा तेव्हा काय होता! लय चढली, टाळ घाईला आले, आणि एका जागी आबांचा हात मांडीपासून चार बोटं वर थांबला, तो खाली आलाच नाही. संपल्यावर परत लाव म्हणाले. दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या वेळी मधेच बोट वर केलं.

“हितं बघ,” ते म्हणाले. “हितं त्यानं दोन शबूद गिळलं. पुरा चरण गायला आसता तर म्या उघडा पडलो आसतो.”

मला कळायला वेळ लागला. चढत्या लयीत धुमा टाळाच्या थोडा पुढे पडत होता, मग आणखी थोडा. कोंडिबांनी ते ओळखलं होतं. गाता गाता दोन शब्द सोडून देऊन, उडी मारून, त्यांनी आबांना समेवर गाठलं होतं. आबांनी त्यालाच बावीस वर्षं गळा मागे राहिला असं म्हटलं होतं. मला ते बघवेना. मी म्हणालो, आबा, कॅसेट जुनी आहे, फीत ताणली गेली असेल.

“फीत ताणली आसती तर आमी दोघंबी ताणलो आसतो,” ते म्हणाले. “म्याच पळालो.”

त्यांनी पाणी मागितलं. मला वाटलं होतं, खरं कळलं की ते मोडून पडतील, आणि हे सगळं उकरून काढल्याबद्दल मी स्वतःला मनातून शिव्या घालत होतो. पण त्यांचा चेहरा मोडलेला नव्हता. एखादं अवघड खाचर उरकलं की दिसायचे तसे ते दमलेले दिसत होते. गाताना झाकलं त्यानं मला, असं एवढंच दोनदा म्हणाले. संध्याकाळी सुनंदाला त्यांनी स्वच्छ धोतर काढून ठेवायला सांगितलं.

रविवारी त्यांना गाडीत पुढे बसवून निघालो. डॉक्टरांचे दोन महिने व्हायला आठवडा बाकी होता, आणि मी त्यांना अडवलं नाही. वेल्ह्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंची खाचरं पिवळी, अर्धी मोकळी. बायका ओणव्या होऊन कापत होत्या. आबा प्रत्येक खाचराकडे मान वळवून बघत होते आणि कुणाचं किती राहिलंय ते मला सांगत होते. आमच्या गावाचा फाटा आला तेव्हा पुढे चल म्हणाले.

कोंडिबांचं खळं रस्त्याला लागूनच आहे. घरची माणसं भात झोडत होती, धुरळा उडत होता, आणि कोंडिबा पेंढ्याच्या ढिगाला टेकून बसले होते. खूप वाळले होते. मी वॉकर काढून दिला. त्याचे पाय खळ्याच्या मऊ मातीत रुतत होते, तरी आबा माझा हात बाजूला करत पुढे गेले. झोडणारे थांबले. कोंडिबा उठले नाहीत.

“कोंडिबा, म्या कॅसेट ऐकली,” आबा म्हणाले. “पखवाजच पुढं पळाला व्हता. आन् तू मला झाकलंस, त्ये मला तवा कळलं न्हाई.”

कोंडिबांनी अंगावरची कुसळं झटकली. सुनेला पाणी आणायला सांगितलं. शेजारचं पोतं आडवं पाडून त्यांनी ते आबांना बसायला पुढे केलं, मी आबांना त्यावर टेकवलं. एकमेकांच्या शेजारी बसूनही दोघे समोर रस्त्याकडेच बघत होते. पाणी पिऊन झाल्यावर कोंडिबा बोलायला लागले. चिडून बोललो तेव्हा, नंबर गेल्याचा राग होता, चार माणसांत बोलायला नको होतं, असं म्हणाले. त्यानंतर बाहेरगावचे दोघे-तिघे पखवाजी मंडळात यायला तयार होते, कुणालाही होकार दिला नाही.

“बावीस वर्सं टाळावरच भागवतोय आमी,” ते म्हणाले. “त्या जाग्यावर कुणाला बसू दिलं न्हाई.”

एकादशीच्या संध्याकाळी गावातून येणाऱ्या त्या भजनात पखवाज नसायचा, हे मला ठाऊक होतं, आबांनाही होतं. त्यांनी इतकी वर्षं त्याचा अर्थ एकच लावला होता, आपल्यावाचून त्यांचं काही अडत नाही. आबांच्या उजव्या हाताची बोटं पोत्यावर हळूहळू फिरत होती. झोडणाऱ्यांनी पुन्हा काम सुरू केलं, आणि त्या धपधपाटात ऐकू जावं म्हणून आबांना आवाज चढवावा लागला.

“येत्या एकादशीला कितीला बसताय?”

कोंडिबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वळवली.

“तू आलास की.”